ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करायची, तीही खिसा सांभाळून

या कामाचा सर्वांत स्वस्त मार्ग आधीच सांगून टाकतो: ऑटोमॅटिक गाडी विकायची आणि तेच मॉडेल मॅन्युअलमध्ये घ्यायचं. बहुतेकांसाठी हिशेब इथेच संपतो. मग गिअरबॉक्स बदलण्याच्या फंदात पडावं कुणी? ज्याच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कामातून गेलाय, पण इंजिन आणि बॉडी ठणठणीत आहे त्याने. किंवा ज्याला हवं असलेलं मॉडेल मॅन्युअलमध्ये सापडतच नाही, सापडलं तर मालक अव्वाच्या सव्वा किंमत सांगतो त्याने. आणि हो, ज्याला हे काम स्वतःच्या हाताने करायचीच हौस आहे त्याने. मजुरी देऊन सगळं करून घेणार असाल, तर ‘कमी खर्चात’ हे शब्द विसरा.

पाना हातात घेण्याआधी

पहिला प्रश्न एकच: तुमच्याच बॉडीत, तुमच्याच इंजिनासोबत कंपनीने मॅन्युअल गिअरबॉक्स कधी दिला होता का? दिला असेल तर अर्धी लढाई जिंकलात. कारखान्यात दोन्ही प्रकारांसाठी बहुधा एकच सांगाडा वापरतात. त्यामुळे क्लच सिलिंडरसाठी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) भोक किंवा निदान त्याची खूण सापडते, पेडलच्या ब्रॅकेटचे बोल्ट जागच्या जागी बसतात, गिअरबॉक्सच्या माउंटिंगची भोकंही बऱ्याचदा तयार असतात. दिला नसेल, तर दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स बसवण्यासाठी ॲडॉप्टर प्लेट, खास बनवलेला शाफ्ट, वेल्डिंग अशी यादी वाढत जाते आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला अशी गत होते. अशा गाडीच्या वाटेला कमी पैशात जाऊ नये.

दुसरं म्हणजे गाडीत नेमकं कोणतं ऑटोमॅटिक आहे ते पाहा. हा लेख टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या, नेहमीच्या ऑटोमॅटिकबद्दल आहे. ठरावीक गिअर नसलेल्या सीव्हीटीच्या गाडीतही यांत्रिक काम साधारण असंच असतं. एएमटी मात्र मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला त्यावर यंत्रणा बसवलेली असते. त्यामुळे तिथलं काम वेगळं आहे.

गाडीचं वयही महत्त्वाचं. 1990च्या दशकातल्या होंडा सिव्हिक, माझदा एमएक्स-5, बीएमडब्ल्यू ई36 यांसारख्या गाड्यांवर हे काम पुष्कळांनी केलंय, कारण त्यातली इलेक्ट्रॉनिक्स आटोपशीर आहेत. नव्या गाड्यांत गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिन, एबीएस आणि मीटर या सगळ्यांशी सतत बोलत असतो. तो एकदम गप्प झाला की बाकीचे तक्रार करू लागतात. तिथे पान्यापेक्षा लॅपटॉप जास्त वेळ चालतो.

तुमच्या नोंदणी कार्यालयाचे आणि विमा कंपनीचे नियमही आत्ताच विचारून घ्या. काम झाल्यावर विचारलं आणि नकार आला, तर सगळं मुसळ केरात.

अख्खी डोनर गाडी घ्या

डोनर म्हणजे सुटे भाग काढून घेण्यासाठी घेतलेली तीच मॅन्युअल गाडी. सुटे भाग एकेक करून गोळा करणं स्वस्त वाटतं, आणि बजेट नेमकं तिथेच फुटतं. गिअरबॉक्सची किंमत सगळे विचारतात. पण क्लच पेडलचा ब्रॅकेट, गिअर लिव्हर, त्याच्या केबल किंवा लिंकेज, गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर, माउंटिंग, क्लचचे मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडर, त्यांच्यामधला पाइप, फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाची जड चकती), त्याचे बोल्ट, क्लच फोर्क, स्टार्टर, एक्सल किंवा प्रोपेलर शाफ्ट, रिव्हर्स लाइटचा स्विच, मधला कन्सोल, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), इतकंच काय, दोन पैशांची एखादी क्लिप, हे सगळं लागतं. एक क्लिप मिळेना म्हणून गाडी आठवडाभर जॅक स्टँडवर उभी राहते. अपघातात मागून चेपलेली किंवा बॉडी गंजलेली तीच मॅन्युअल गाडी घेतली, तर हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं. शिवाय कोणता भाग कुठे आणि कसा बसतो याचा नमुना डोळ्यांसमोर राहतो. छापील मॅन्युअलपेक्षा हा नमुना जास्त कामाला येतो.

डोनर शक्यतो चालू स्थितीतली घ्या आणि चालवून पाहा. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना खरखर आली तर सिंक्रोनायझर (गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणारी कडी) झिजलाय. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटत असेल तर तो गिअरबॉक्स घेऊच नका. क्लच सरकत असला तरी हरकत नाही, तो तसाही बदलायचा आहे. उलट तेवढंच कारण दाखवून भाव पाडता येतो. इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असेल तर ईसीएम, त्याचं युनिट आणि चावी हा संच एकत्र उचला. सुटा ईसीएम आणाल तर गाडी सुरूच होणार नाही. खोलताना प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नाव लिहा.

पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

माझा नियम सरळ आहे. ज्या भागापर्यंत पोहोचायला पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागेल, तो नवाच घ्यायचा. म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, असेल तर पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारं), क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाच्या) आत शाफ्टभोवतीच असतो. तो असेल तर तोही. बाकी पेडल, लिव्हर, ब्रॅकेट, कन्सोल हे जुने खुशाल वापरा.

फ्लायव्हील साधं, एकसंध असेल तर लेथ किंवा ग्राइंडिंगवाल्याकडून पृष्ठभाग सपाट करून घ्या. काही फ्लायव्हीलना पायरी असते. क्लच प्लेट एका पातळीवर टेकते, प्रेशर प्लेट दुसऱ्या पातळीवर बसते. तिथे दोन्ही पातळ्या सारख्याच मापाने घासायला लागतात, नाहीतर क्लचची पकड बिघडते. हे कारागिराला आठवणीने सांगा. ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेलं, दोन भागांचं) असेल तर ते घासण्याच्या भरीस न पडता त्याचा खुळखुळाट कंपनीच्या मापात आहे का ते तपासा. मापाबाहेर गेलेलं असेल तर ते बदलावं लागतं आणि ते महाग असतं. डोनरचा भाव ठरवताना हे लक्षात ठेवा.

पायरी 1: पेडल आधी बसवा

जुना गिअरबॉक्स उतरवण्याआधीच, गाडी वापरात असतानाच हे काम उरकता येतं, म्हणजे ती बंद राहण्याचे दिवस कमी होतात. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल काढून मॅन्युअलचा पूर्ण पेडल संच लावायचा. डॅशबोर्डखाली उताणं पडून करायचं हे काम आहे, मान आणि तोंड दोन्ही सांभाळा. ब्रेक बूस्टरचा रॉड नीट जोडला आणि त्याची पिन लॉक झाली हे दोनदा पाहा. ब्रेक लाइटचा स्विच तपासा. मग फायरवॉलमधून क्लच मास्टर सिलिंडर बसवा.

पायरी 2: जुना गिअरबॉक्स उतरवणे

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी चारही बाजूंनी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. गिअरबॉक्स खालून सरकवून बाहेर काढता येईल एवढी उंची ठेवा. ऑटोमॅटिकचं ऑइल सोडा. रेडिएटरकडे गेलेल्या ऑइल कूलरच्या नळ्या काढा आणि रेडिएटरची तोंडं घट्ट बंद करा. रेडिएटर बदलायची गरज नाही.

आता तपासणीच्या छोट्या खिडकीतून टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट काढायचे. पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक फिरवली की एकेक बोल्ट समोर येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक्सल काढून इंजिनाला वरून आधार द्या. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट काढा, आणि सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) आधार देताना मध्ये लाकडी फळी ठेवा. कन्व्हर्टर गिअरबॉक्ससोबतच बाहेर आला पाहिजे. तो इंजिनालाच चिकटून राहिला आणि गिअरबॉक्स तसाच ओढला, तर ऑइल पंपाला इजा होऊ शकते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चांगलाच जड असतो. ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणा आणि जोडीला एक माणूस घ्या.

पायरी 3: क्रँकच्या टोकाशी

सगळ्या कामात सावकाश करायची जागा हीच. फ्लेक्सप्लेट (कन्व्हर्टर जिला जोडलेला होता ती पातळ चकती) आणि तिचा स्पेसर काढा. क्रँकचं सील बदला. मॅन्युअलला पायलट बेअरिंग लागत असेल तर ते बसवा. ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये जागा असली तरी बेअरिंग बहुधा बसवलेलं नसतं, आणि ते विसरलं तर इनपुट शाफ्टचं टोक अधांतरी राहतं. इंजिन ब्लॉकवरच्या जुळणीच्या पिना जागेवर आहेत ना ते बघा.

फ्लायव्हीलला मॅन्युअलचेच बोल्ट लावा. फ्लेक्सप्लेट पातळ असल्याने तिचे बोल्ट बहुधा आखूड असतात. ते फ्लायव्हीलला लावले तर पुरेसे आटेच धरत नाहीत. समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाला आवळा. मग ब्रेक क्लीनरने पृष्ठभाग स्वच्छ पुसा आणि त्यानंतर त्याला बोट लावू नका. क्लच प्लेटची बाजू उलटी होऊ देऊ नका. कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते बहुतेक प्लेटवर लिहिलेलं असतं. अलाइनमेंट टूलने प्लेट मध्यावर धरून मग प्रेशर प्लेट आवळा.

पायरी 4: मॅन्युअल गिअरबॉक्स चढवणे

इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. गिअरबॉक्स सरळ रेषेत आणून हाताने ढकला. तो इंजिनाला पूर्ण टेकला पाहिजे. बोटभर फट राहिली की बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. तसं केलंत तर क्लच प्लेट वाकेल किंवा बेल हाउसिंगचा कान तुटेल. फट राहिली म्हणजे काहीतरी जुळलेलं नाही, मागे घ्या आणि पुन्हा लावा. या सगळ्या वेळात गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकू देऊ नका.

स्टार्टर मॅन्युअलचाच असेल तर निर्धास्त राहता येतं, कारण दात आणि खोली दोन्ही वेगळी असू शकतात. एक्सल किंवा प्रोपेलर शाफ्टही डोनरचाच वापरा, लांबी बऱ्याचदा वेगळी असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरांचा संच) गिअरबॉक्समध्येच येतं. मागच्या चाकांवरच्या गाडीत ते मागे स्वतंत्र असतं आणि त्याचा रेशो ऑटोमॅटिकसाठी निवडलेला असतो. त्यावरही गाडी चालते, फक्त त्याच वेगाला इंजिनाचे फेरे वेगळे पडतात. हातात पैसे असतील तेव्हा बदला.

पायरी 5: वायरिंग

यांत्रिक कामापेक्षा लोक इथे जास्त अडकतात. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर पी (पार्क) किंवा एनमध्ये (न्यूट्रल) असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. तो स्विच आता उरला नाही, म्हणून कित्येकजण त्या दोन तारा थेट जोडून मोकळे होतात. मग गिअरमध्ये उभी असलेली गाडी चावी फिरवताच पुढे उडी मारते. त्या तारा क्लच पेडलच्या स्विचमधून न्या, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. रिव्हर्स लाइटच्या तारा मॅन्युअल गिअरबॉक्सवरच्या स्विचला जोडा. तारा रंगावरून ओळखू नका, वायरिंगचा नकाशा आणि मल्टिमीटर वापरा. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत लिव्हर पीमध्ये नसेल तर चावी बाहेरच निघत नाही, त्या लॉकचाही बंदोबस्त करावा लागतो.

ईसीएमच्या बाबतीत डोनरचा संच बसवणं सर्वांत सरळ. काही मॉडेलांत आहे त्याच ईसीएमचं कोडिंग बदलून भागतं. जुना ईसीएम तसाच ठेवला तर काही गाड्या बिनबोभाट चालतात. काहींमध्ये मात्र चेक इंजिनचा दिवा पेटतो, आयडलिंग डळमळतं किंवा इंजिन बचावाच्या मोडमध्ये जाऊन दम धरत नाही. स्पीड सेन्सरची जोडणी विसरू नका, नाहीतर काटा शून्यावरच बसेल.

पायरी 6: ऑइल, हवा आणि पहिली फेरी

गिअरबॉक्समध्ये त्याच्याच माहितीपुस्तिकेत सांगितलेलं ऑइल घाला. जीएल-4 (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलं असेल तर जीएल-5 चालेल असं परस्पर ठरवू नका. त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रोनायझरला मानवत नाहीत. क्लचच्या पाइपातली हवा पूर्ण काढा. पेडल स्पंजसारखं लागलं किंवा रिव्हर्स टाकताना खरखरलं, तर हवा अजून आहे. आधी चाकं हवेत असतानाच सगळे गिअर टाकून पाहा, क्लच सुटतो आणि धरतो का ते बघा, खाली गळती शोधा. मगच गाडी जमिनीवर घ्या.

पहिले सुमारे 500 किलोमीटर वेगाने पळवू नका, हाफ क्लचवर ताटकळू नका, ओझं ओढू नका. नवी प्लेट थांबत-निघत चालवल्याने चांगली बसते. थोडं चालवल्यावर पुन्हा खाली जाऊन माउंटिंगचे बोल्ट, एक्सलचे नट आणि ऑइलची पातळी पाहून घ्या.

एवढं होईपर्यंत डोनरचा उरलेला भाग अंगणातून हलवू नका. एखादा ब्रॅकेट किंवा कनेक्टर हमखास आठवतो. गाडी महिनाभर विनातक्रार चालली की दरवाजे, दिवे, सीट, काचा सुटे विकायला काढा, सांगाडा भंगारात द्या. तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चांगला असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, लिव्हर आणि त्याचा कॉम्प्युटर यांच्यासकट एकत्र विका. सुट्यापेक्षा संचाला भाव जास्त येतो, आणि डोनरला घातलेल्या पैशांपैकी बराच हिस्सा इथूनच परत मिळतो.