साइट पाहिली, ड्रॉइंग तेच राहिलं: इंटिरियर शिकताना या चुका टाळा

साइट व्हिजिट, मार्केट सर्व्हे आणि इंटर्नशिप हे सगळं इंटिरियर डिझाइनच्या अभ्यासक्रमात असतंच. तरीही शेवटच्या वर्षाच्या ज्युरीत वॉर्डरोबच्या सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये) शटर, म्हणजे दार, एका रेघेत उरकलेलं दिसतं, ड्रॉवरला चॅनेलची (ज्यावर तो सरकतो त्या पट्ट्यांची) जागा सोडलेली नसते, आणि एसीच्या ड्रेन पाइपला उतार कुठे मिळणार हे विचारलं की विद्यार्थी गप्प होतो. साइट पाहून झालेली असते, ती ड्रॉइंगपर्यंत पोचलेली नसते. म्हणून प्रत्येक भेटीनंतर स्वतःला एक प्रश्न विचारा: परत आल्यावर माझ्या ड्रॉइंगमधली कोणती रेघ हलली? एकही हलली नसेल, तर खालच्यापैकी एखादी चूक नक्की होते आहे.

तयार घर बघून परतणं

हँडओव्हरच्या आठवड्यात साइट सुंदर दिसते, फोटो चांगले येतात, पण शिकण्यासारखं बहुतेक सगळं तोवर लॅमिनेटच्या आणि पुट्टीच्या मागे गेलेलं असतं. दहा वेगवेगळ्या तयार घरांपेक्षा एकच चालू घर पाच वेळा पाहा. पहिल्यांदा जमिनीवर आणि भिंतींवर खडूने मार्किंग होतं तेव्हा. मग भिंतींना खाचा पाडून कंड्युट, म्हणजे वायरच्या नळ्या, बसवलेल्या असतात तेव्हा. तिसऱ्यांदा सीलिंगची फ्रेम लागलेली असते पण बोर्ड चढलेला नसतो तेव्हा. चौथ्यांदा कपाटांचे सांगाडे उभे असतात आणि लॅमिनेट बाकी असतं तेव्हा. शेवटी पॉलिश आणि फिटिंग चालू असताना.

दुसरी भेट चुकवू नका. प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या आणि त्यात मेजर टेप उघडी धरून जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची मापं दिसू द्या. पुढे पॅनेलिंगचा खिळा वायरमध्ये जाणार की नाही, हे हाच फोटो सांगतो. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून निदान 24 तास ठेवतात. त्या काळात खालच्या मजल्यावरचं छत पाहायला मिळालं तर जरूर पाहा.

तिसऱ्या भेटीत रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन, म्हणजे छताचं ड्रॉइंग, हातात असू द्या. जिप्समच्या नेहमीच्या पद्धतीत इंटरमीडिएट चॅनेल दर 1220 मिमीवर आणि त्याखाली सीलिंग सेक्शन दर 457 मिमीवर येतात (दोन्ही पत्र्याच्या पट्ट्या), सेक्शनला 12.5 मिमीचा बोर्ड स्क्रूने बसतो. वर्गात काढलेल्या प्लॅनमध्ये डाउनलाइट खोलीच्या मध्यरेषेवर छान बसलेला असतो, पण त्याच रेषेवर सेक्शन आला तर भोक पाडणारा कारागीर तो सेक्शन कापून टाकतो आणि काही महिन्यांनी तिथे बोर्डाचा जोड तडकतो. लाइट आधी ठरवून सेक्शनची सुरुवात थोडी सरकवली की प्रश्न मिटतो. फॅनचा भार बोर्डावर नाही, स्लॅबवर जायला हवा. कोव्हमध्ये (लाइट लपवायच्या छतातल्या खोबणीत) हात जाईल एवढी, म्हणजे 100 ते 150 मिमी जागा ठेवा, नाहीतर बिघडलेला एलईडी ड्रायव्हर (लाइटला वीज देणारा डबा) बदलण्यासाठी सीलिंग फोडावं लागतं.

बिल्डरच्या प्लॅनवरून माप घेणं

विक्रीच्या प्लॅनवर लिहिलेला 10 फुटांचा खण प्रत्यक्षात 10 फूट भरेलच असं नाही. प्लास्टर कमीजास्त होतं, भिंत ओळंब्यात नसते, कोपरा काटकोनात नसतो. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या वॉर्डरोबचं माप तीन उंचींवर घ्या: स्कर्टिंगजवळ, कमरेच्या उंचीला आणि बीमखाली. तिन्हींतलं सगळ्यात कमी माप धरा आणि कडेला 25 ते 50 मिमीची फिलर पट्टी (फट झाकणारी) ठेवा. कोपरा तपासायला गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लहान पडतो, म्हणून एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर 5 फूट भरलं तर कोपरा काटकोनात आहे. कर्ण जितका कमीजास्त, तितकी ग्रॅनाइटच्या ओट्यामागे फट राहणार किंवा कपाट तिरकं दिसणार.

माप कधी घेतलं हेही ड्रॉइंगवर लिहा: टाइल बसण्याआधी की नंतर. जुन्या लादीवर नवी टाइल ॲडहेसिव्हने चिकटवली तर 12 ते 15 मिमी उंची वाढते आणि दरवाजे खालून तासावे लागतात. सिमेंट-वाळूच्या थरावर बसवली तर उंची बरीच जास्त वाढते.

नव्या टॉवरमध्ये आणखी एक गोष्ट पाहायची. इमारत ॲल्युमिनियम फॉर्मवर्कची, म्हणजे बोलीभाषेत माइव्हनची असेल, तर आतल्या भिंतीसुद्धा आरसीसीच्या (सळ्यांच्या काँक्रीटच्या) असतात. त्यांना खाचा पाडायच्या नाहीत. नवा स्विचबोर्ड हवा असेल तर वायर पॅनेलिंगच्या मागून किंवा सीलिंगमधून न्यावी लागते, आणि त्यासाठी पॅनेलिंगची जाडी आधीच वाढवून धरावी लागते. भिंतीवर टकटक करून हे कळत नाही. सोसायटीकडून किंवा बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा.

लिफ्टचंही माप घ्या. प्लायची शीट 8 बाय 4 फुटांची असते, बहुतेक लिफ्टमध्ये ती उभी मावत नाही. जिन्याने चढवायची तर हमाली वाढते, आणि अखंड 8 फुटी शटर जिन्याच्या वळणावर अडतं.

मिलिमीटर आणि सूत यांचा मेळ न घालणं

कॉलेजात मापं मिलिमीटरमध्ये. साइटवर सुतार फूट, इंच आणि सुतात बोलतो. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, साधारण 3.2 मिमी. सुताराच्या तोंडी 6 मिमीची प्लाय दोन सूत, 12 मिमीची चार सूत, 18 किंवा 19 मिमीची सहा सूत. खणाच्या मापात ही जवळपासची बरोबरी चालते, ड्रॉवरमध्ये चालत नाही. हा हिशेब स्वतः एकदा मांडून पाहाच.

कपाटाचा सांगाडा बाहेरून 600 मिमी, बाजू 18 मिमी प्लायच्या. दोन्ही बाजूंचे मिळून 36 गेले, उरले 564. आतून 0.8 मिमीचं लायनर (आतल्या बाजूचं पातळ लॅमिनेट) दोन्हीकडे, म्हणजे 1.6 आणखी गेले, उरले 562.4. टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण 12.7 मिमी, दोन्हींचे 25.4. ड्रॉवरची बाहेरची रुंदी आली 537, करायची 536. लायनर विसरलात तर ड्रॉवर 1.6 मिमी जास्त रुंद होतो. आठवडाभर कसाबसा सरकतो, मग चॅनेलचे बॉल घासू लागतात. सुतार म्हणतो चॅनेल खराब, दुकानदार म्हणतो सुतारकाम खराब, आणि चूक ड्रॉइंगमध्ये असते.

ऑटो हिंजचंही (दार आपोआप ओढून लावणाऱ्या बिजागरीचंही) तसंच. शटर बाजूच्या प्लायवर पूर्ण चढणार, अर्धं चढणार की आत बसणार, यावर बिजागरीचा 0, 8 किंवा 16 क्रँक (तिच्या हाताचा बाक) ठरतो. एलिव्हेशनमध्ये (समोरून दिसणाऱ्या ड्रॉइंगमध्ये) तिन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त प्लॅनच्या मोठ्या डिटेलमध्ये दिसतो, म्हणून तो 1:5 ला काढा आणि त्यावर क्रँक लिहा.

क्षेत्रफळ भागून टाइल मोजणं

मार्केट सर्व्हेचे दर एक्सेलमध्ये भरले की एस्टिमेट झालं असं वाटतं. एक साधी खोली घ्या: 10 बाय 12 फूट, टाइल 600 बाय 600, जोड 2 मिमीचा. क्षेत्रफळ 120 चौरस फूट, एका टाइलचं 3.875. भागाकार 31, त्यात 10 टक्के घट (कापण्यात-तुटण्यात जाणारी) वाढवून 34. बॉक्समध्ये 4 टाइल, म्हणजे 9 बॉक्स. हे उत्तर कॉलेजात पूर्ण गुण मिळवतं.

आता टाइल मांडून पाहा. 10 फूट म्हणजे 3048 मिमी. पाच अखंड टाइल आणि जोड धरले की शेवटी 38 मिमीची चिंधी उरते. दुसऱ्या दिशेला 3658 मिमी: सहा टाइल आणि 46 मिमीची चिंधी. दाराच्या समोर ती डोळ्यात खुपणार, म्हणून मांडणी मध्यातून केली. मग एका दिशेला चार अखंड आणि दोन कापलेल्या 319 मिमीच्या, दुसऱ्या दिशेला पाच अखंड आणि दोन कापलेल्या 323 मिमीच्या. कापलेला तुकडा अर्ध्याहून मोठा असल्यामुळे एका टाइलमधून दोन निघत नाहीत. सहा ओळी, सात रांगा, 42 टाइल. तुटफूट धरायच्या आधीच 11 बॉक्स लागले.

उलट, वॉर्डरोब आणि बेड कुठे येणार हे माहीत असेल तर त्या भिंतींकडे चिंधी ढकलता येते. दारातून अखंड टाइल सुरू होते आणि काम 34 टाइलमध्ये आटोपतं. म्हणजे टाइलचा खर्च फर्निचर लेआउटवर ठरला. काम सुरू असताना बॉक्स कमी पडले तर दुसऱ्या बॅचची छटा जुळेलच असं नाही, म्हणून हे गणित ऑर्डरआधीच व्हायला हवं. फ्लोरिंग प्लॅनवर सुरुवातीचा बिंदू बाणाने दाखवा. गवंडी नेमकं तेच शोधत असतो.

बाजारात फक्त रंग पाहणं

पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, हत्यारं-हार्डवेअरसाठी नागदेवी, अशा ठिकाणी कॅटलॉगचे फोटो काढून परतण्यात दिवस वाया जातो. दुकानदाराला पाच गोष्टी विचारा: खरी जाडी किती, शीट किंवा बॉक्सचं माप काय, दर चौरस फुटाचा, रनिंग फुटाचा (नुसत्या लांबीचा) की नगाचा, माल किती दिवसांत येतो, आणि उरलेला परत घेता का. गर्दीच्या वेळी नको. दुपारी दुकान शांत असताना लोक मनापासून सांगतात.

प्लायवर छापलेला आयएस (भारतीय मानक) क्रमांक वाचायची सवय लावा. 710 म्हणजे बोलीतली मरीन प्लाय, तिची चाचणी 72 तास उकळत्या पाण्यात होते. 303 मध्ये मात्र वेगवेगळे ग्रेड येतात, तेव्हा नुसता आकडा पाहून सिंकखाली वापरू नका. शंका असेल तर साइटवरचा उरलेला तुकडा घरी काही तास उकळून पाहा. थर सुटले तर उत्तर मिळालं. लॅमिनेट निवडताना तीन इंची नमुन्यावर विसंबू नका. निदान एक फुटाचा तुकडा घ्या, तो ज्या कोनात लागणार त्या कोनात उभा धरा आणि खोलीत येणाऱ्याच लाइटखाली पाहा. 3000 केल्विनच्या पिवळसर लाइटखाली करडा रंग बऱ्याचदा मातकट दिसतो.

इंटर्नशिपचे सहा महिने फक्त रेंडर (कॉम्प्युटरवरची चित्रं) काढणं

आर्किटेक्टसाठी 1972 चा कायदा आहे, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आहे आणि अभ्यासक्रमात प्रॅक्टिकल ट्रेनिंग सक्तीचं आहे. इंटिरियर डिझायनरसाठी तशी कायदेशीर नोंदणी नाही, त्यामुळे इंटर्नशिपमध्ये काय शिकायला मिळणार हे बरंचसं ऑफिसवर आणि तुमच्या विचारण्यावर अवलंबून राहतं. रुजू होण्याआधी विचारा: आठवड्यातले किती दिवस साइटवर? एक काम मार्किंगपासून हँडओव्हरपर्यंत पाहायला मिळेल का? कॉन्ट्रॅक्टरच्या बिलाची मापं घ्यायला नेणार का?

तिसरा प्रश्न विद्यार्थी विचारतच नाहीत, आणि शिकवण्याची ताकद त्यातच सगळ्यात जास्त आहे. बिल तपासताना कळतं की वॉर्डरोब समोरच्या क्षेत्रफळावर मोजतात, कोव्ह रनिंग फुटावर, लाइटची भोकं नगावर. आपण सहज म्हणून काढलेला गोल कोपरा किती महाग पडला, हे तिथे आकड्यांत दिसतं.

साइटवर मिस्त्रींशी बोलताना हातात ड्रॉइंगची ताजी प्रत हवी आणि तिच्यावर रिव्हिजन क्रमांक व तारीख हवी. मुंबई-पुण्यातले बरेच सुतार राजस्थान, उत्तर प्रदेशातले आहेत, तेव्हा हिंदीत नीट बोलता यायला हवं. कटर चालू असताना प्रश्न विचारू नका, चहाच्या वेळेला विचारा. स्वतःच्या अधिकारात कोणताही बदल सांगू नका. «इथे अर्धा इंच कमी केलं तर चालेल का?» असं कारागिराने विचारलं तर वहीत लिहा, ऑफिसला फोन करा आणि उत्तर लेखी कळवा. पायात बंद बूट आणि तोंडावर मास्क हवाच, एमडीएफ आणि प्लायचा भुसा छातीत जातो.

कॉलेजांसाठी एवढंच: साठ मुलांची एक बस एका फ्लॅटमध्ये नेऊ नका. दहा-बाराची तुकडी करा आणि प्रत्येकाला मोजायला एकच गोष्ट द्या, कुणाला खिडकीचा सिल, कुणाला बीम, कुणाला प्लंबिंगचा पॉइंट. संध्याकाळी सगळ्यांची मापं एका प्लॅनवर मांडली की कुणाचं चुकलं ते लगेच दिसतं.

पोर्टफोलिओत साइटच्या फोटोंची पानं भरण्याऐवजी एकाच जोडाची दोन ड्रॉइंग शेजारी लावा: भेटीआधी काढलेलं आणि भेटीनंतर सुधारलेलं. बदललेल्या मापाभोवती लाल वर्तुळ काढा, त्याखाली तारीख लिहा, आणि बदल का झाला ते एका ओळीत: «आतल्या लायनरची 1.6 मिमी धरली नव्हती», «बीम 40 मिमीने खाली निघाला», «लाइट सेक्शनवर येत होता».