ससेक्सच्या डाउन्सवर काय बघायचं आणि कसं

दक्षिण इंग्लंडात, ससेक्समध्ये, ब्रायटन शहराच्या मागे गवताळ टेकड्यांची रांग आहे. नाव डाउन्स, म्हणजे 'खाली', आणि पहिल्या पावलापासून चढ. यात त्यांची काही चूक नाही. जुन्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडी, त्याचंच हे झालंय. आमच्या इंदूरहून पोरांकडे इंग्लंडला जाणारी मंडळी लंडन करतात, फार तर स्टोनहेंज करतात आणि मुलगी ब्रायटनला असली तरी तिच्या घरामागच्या टेकड्या गाडीच्या काचेतून बघून परत येतात. "हिरवं हिरवं आहे, मेंढ्या आहेत." पहिल्या खेपेला मीही हेच सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला जरा शहाणपण आलं. या उन्हाळ्यात कुणी निघणार असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहून ठेवते.

उंचीला घाबरू नका. अख्खं इंदूर साडेपाचशे मीटरवर वसलंय. ब्रायटनजवळचा प्रसिद्ध डिचलिंग बीकन आहे २४८ मीटरचा. इंदूरजवळची रालामंडलची टेकडी चढणाऱ्याला हे काहीच नाही.

आधी नकाशा घ्या, आणि कागदाचाच घ्या. ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे तिथलं सरकारी नकाशा खातं, त्यांच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल ११ नंबरचा. ब्रायटन आणि शेजारचं लुइस गाव त्यात येतात. मी तीस वर्षं सिंचन खात्यात ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवून काढणारी, होते, त्यामुळे हा माझा हट्ट समजा. आपल्या सरकारी टोपोशीट नकाशावर एका सेंटिमीटरात अर्धा किलोमीटर आणि कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, वीस मीटरचे. यांच्या नकाशात एका सेंटिमीटरात पाव किलोमीटर, कंटूर पाच मीटरचे, शेतांची कुंपणंसुद्धा काढलेली. जावयाने तो हातात दिला आणि माझा चहा निवून गेला.

बघता बघता मी एका ठिकाणी अडकले. कंटूर टेकडीत आत आत वळत गेलेले, अगदी नाल्यासारखे, पण नाल्याची निळी रेघ नाही. एक नाही, दोन नाही, सगळीकडे तेच. आमच्या ऑफिसात असं ट्रेसिंग गेलं असतं तर साहेबांनी लाल पेन्सिल मारून परत पाठवलं असतं. वर जाऊन पाहिलं तर नकाशा बरोबर! डेव्हिल्स डाइक म्हणून मोठी दरी आहे, खोल, लांबलचक, दोन्ही बाजूंनी उतार, तळाशी नुसतं गवत. पाण्याचा थेंब नाही.

याचं कारण पायाखालच्या खडूत आहे. आपल्या माळव्याचा काळा दगड लाव्हाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या टेकड्यांचा खडू त्याहून जुना, साधारण १० ते ७ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही इतक्या बारीक शेवाळाची कवचं, थरावर थर. त्याच्यावर पाणी पडलं की मुरलंच. मग दऱ्या कोरल्या कुणी? हिमयुगात ही जमीन खोलवर गोठलेली होती, पाण्याला मुरायला वाट नव्हती, तेव्हा वितळलेल्या बर्फाचं पाणी वरूनच वाहिलं. थंडी सरली, खडू पुन्हा पाणी पिऊ लागला आणि नाले कोरडे पडले ते पडलेच. मुरलेलं पाणी पायथ्याशी, खडूखालची चिकणमाती लागली की झऱ्यांनी बाहेर येतं. नकाशात टेकडीच्या उत्तरेला, जिकडे उतार उभा आहे तिकडे, पायथ्याने गावांची माळ दिसेल. ती या झऱ्यांच्या आधाराने बसलेली. ब्रायटनचं पिण्याचं पाणीही या खडूतलंच. मुलीच्या केटलीत पांढरा थर बघून मी तिला आळशी म्हटलं होतं, ते शब्द मागे घेतले.

वर गोल तळी दिसली तर थांबा. त्यांना ड्यू पाँड म्हणतात. नाव दवाचं, पण भरतात मुख्यतः पावसाने. वर मेंढ्यांना पाणी कुठलं? म्हणून धनगरांनी खड्डे खणले, चिकणमाती तुडवून तुडवून तळ बसवला आणि पाणी अडवलं. आपल्या मातीच्या धरणात पाणी अडवायला पोटात काळ्या मातीचा गाभा, म्हणजे हार्टिंग, घालतात, तेच तत्त्व.

फुलं-फुलपाखरं हवी असतील तर मे अखेर ते ऑगस्ट या दिवसांत जा. सुरुवातीला इंदूर तापलेलंच असतं, म्हणजे आपल्याला सोयीचं. पॅन्ट घाला आणि पॅन्टचे पाय मोज्यात खोचा. दिसायला वाईट दिसतं, पण गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघायचं. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. तेल, तूप, पेटती काडी लावणं असले उपाय नकोत. वारा कायम असतो, कानाला काहीतरी हवं. डब्यात काय न्यायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही पोहे नेले होते आणि वर भुरभुरायला इंदुरी जीरावण मसाल्याची पुडी.

आता मुख्य गोष्ट. डाउन्स चालत बघायचे नसतात. चालून जागेवर पोहोचायचं आणि मग बसायचं.

हे मला कुडीच्या फिरकीने शिकवलं. लुइस स्टेशनवर उतरून गाव आणि नदी ओलांडली की मॉलिंग डाउन लागतो. तिथे वाऱ्यात डोक्यावरचा स्कार्फ ओढला आणि कानातली कुडी हातात आली, फिरकी गेली. सराफ्यातून आईने करून घेतलेली जोडी.

"आई, काय सांडलं?"

"फिरकी. हलू नका कुणी."

मग मी गुडघ्यांवर, आणि नातू पोटावर. पाऊण तास आम्ही एका चटईएवढी जागा बोटाने चाचपत होतो. फिरकी सापडली नाही. पण लांबून एकरंगी दिसणारं ते गवत गवत नव्हतंच. बोटभरही उंची नाही, आणि त्यात इतक्या जातींची पानं, की मी मोजणं सोडलं. अशा जुन्या चरणीत एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातीच्या वनस्पती निघतात. खडूवर मातीचा थर पातळ आणि निकस असतो, मेंढ्या वरचेवर कुरतडत राहतात, त्यामुळे एकही झाड माजत नाही आणि सगळ्यांना थोडी थोडी जागा मिळते.

तुम्ही बसाल तेव्हा एक पान चुरगाळून वास घ्या. रानटी थाइम असेल तर ओव्याच्या जवळचा वास येतो. दातेरी पानांचं सॅलड बर्नेट असेल तर काकडीचा. पिवळी फुलं दोन प्रकारची दिसतील आणि दोन्ही वाटाण्याच्या कुळातली. ज्याची पानं मेथीसारखी तिहेरी वाटतात ते बर्ड्स फूट ट्रेफॉइल. ज्याची हरभऱ्यासारखी जोड्याजोड्यांनी लागलेली असतात ते हॉर्सशू व्हेच. हे दुसरं नीट ओळखून ठेवा, कारण डाउन्सची खास निळी फुलपाखरं त्याच्याभोवती मिळतात. अॅडोनिस ब्लू आणि चॉकहिल ब्लू या दोघांच्या अळ्या तेवढं एकच झाड खातात. अळीच्या अंगातून गोड रस येतो, त्यासाठी मुंग्या तिला गायीसारखी राखतात. अॅडोनिसचा नर मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरात उडतो. रंग इतका झगझगीत, की पैठणीच्या दुकानात 'जरा कमी भडक दाखवा' म्हणाल. साधा कॉमन ब्लू वेगळा ओळखायला पंखांची पांढरी झालर बघा. अॅडोनिसच्या झालरीला काळ्या रेघांनी छेद दिलेला असतो, कॉमन ब्लूची झालर कोरी. चॉकहिल दुधी निळा, तो जुलै-ऑगस्टचा. मादी मात्र तिन्हींची बहुतेक तपकिरी, तिच्या नादी लागू नका.

गवत आखूड असणं किती महत्त्वाचं, ते १९५३ नंतर कळलं. त्या वर्षी मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग इंग्लंडात आला आणि ससे जवळजवळ संपले. कुरतडणारं कुणी उरलं नाही, गवत वाढलं, जमिनीला ऊन लागेना, मुंग्या हटल्या आणि अॅडोनिस कितीतरी उतारांवरून नाहीसा झाला. आता राखीव जागांवर मुद्दाम मेंढ्या सोडतात. तेव्हा 'मेंढ्या आहेत' हे वाक्य मी म्हटलं तेवढं पोकळ नव्हतं.

आणखी एक खूण. उतारावर उशीएवढाले गवताळ उंचवटे दिसले तर ती पिवळ्या मुंग्यांची घरं. नांगर फिरला की ती टिकत नाहीत, म्हणून ती आहेत म्हणजे जमीन पिढ्यान् पिढ्या अभंग आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर धान्यासाठी बरेच डाउन्स नांगरले गेले, तिथे ही दिसायची नाहीत. त्यांच्यावर बसू नका.

जूनमध्ये बी ऑर्किड शोधा, फुलाच्या मध्यावर मधमाशी बसल्यासारखी दिसते. तोडून आणू नका. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप उपटणं तिथे कायद्याने गुन्हा आहे.

पक्षी डोळ्यांनी शोधण्यापेक्षा कानाने शोधणं सोपं. डोक्यावर सतत किलबिल चालू आहे आणि आकाशात कुणी नाही, असं झालं की तो चंडोल. गात गात सरळ वर चढतो, ठिपक्याएवढा होतो, आणि गाणं मिनिटांवर मिनिटं थांबत नाही. काटेरी झुडपाच्या शेंड्यावरून टिक-टिक-टिक करत शेवटी लांब 'झीऽऽ' आलं तर यलोहॅमर. हिवाळ्यात आपल्या शेतांत थव्याने येतात त्या भारीटांचा भाऊ. वाऱ्यावर एकाच जागी फडफडत थांबलेला, डोकं मात्र जरासुद्धा न हलणारा शिकारी दिसला तर ती खरुची.

वाटांचे नियम सोपे आहेत. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळा बाण पायी, घोडा आणि सायकल सगळ्यांचा. ओकच्या फळाचं चित्र असेल तर तुम्ही साउथ डाउन्स वे या लांब पायवाटेवर आहात, विंचेस्टर ते ईस्टबर्न, १६० किलोमीटर. ओला खडू साबणासारखा निसरडा, उतरताना काठी हवीच. आणि सेव्हन सिस्टर्स या समुद्रकाठच्या पांढऱ्या खडूच्या कड्यांवर गेलात तर कड्याच्या टोकाशी फोटो काढायला जाऊ नका. खालून समुद्र पोखरतो आणि वरचं गवत काही न सांगता कोसळतं. कड्याच्या अगदी बुडाशी बसणंही तितकंच वाईट.

इंदूरकरांनी एक जागा सोडू नये. ब्रायटनच्या उत्तरेला, पॅचमच्या वर, उघड्या उतारावर पांढऱ्या संगमरवराची, घुमटाची स्मारक-छत्री उभी आहे. तिला तिथे 'छत्री'च म्हणतात. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ उघडलं होतं. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन या उतारावर झालं. छत्रीचं अनावरण १ फेब्रुवारी १९२१ ला झालं, आणि २०१० मध्ये जवळच्या दगडावर त्यांची नावं कोरली. इंदूरच्या छत्रीबागेतल्या होळकरांच्या छत्र्या बघत वाढलेली मी, आणि इथे भोवती चरणाऱ्या मेंढ्या, वर चंडोल. आमचे हे खांबाला हात लावून बराच वेळ उभे राहिले, मी नावं वाचली. गाडी तिथवर जात नाही, खालून चालतच जावं लागतं. वाटेतलं फाटक जसं असेल तसंच सोडायचं, बंद असेल तर आपल्यामागे बंद, उघडं असेल तर उघडं.