जिम रीव्हजची जुनी कॅसेट: साथ मूळची की मागाहून चढवलेली?

वेंगुर्ले-मालवणपासून दापोलीपर्यंत बोटीवर नोकरी केलेल्यांच्या घरी, कपाटाच्या वरच्या फळीवर, अमेरिकन कंट्री गाण्यांच्या कॅसेट आणि तबकड्या अजून सापडतात. त्यांत जिम रीव्हज हा गायक असायचाच. त्याच्या बाबतीत एक गोम आहे. 31 जुलै 1964 रोजी विमान अपघातात तो गेला, पण त्याच्या नव्या तबकड्या पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या. जुन्या आवाजाखाली नवी साथ वाजवून घेतली गेली. त्यामुळे एकाच गाण्याच्या दोन कॅसेटमध्ये गळा तोच आणि वादक वेगळे, असं होऊ शकतं. ते ओळखायचं कसं, ते इथे दिलं आहे.

आधी कॅसेट वाजण्याच्या लायकीची करा. कोकणातल्या दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट थेट लावली तर बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडवर बसते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. हे काम श्रावणात काढू नका, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की करा. कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदला. उन्हात वाळवायचा मोह टाळा, फीत वाकडी होते. खोकं पाच स्क्रूंचं असेल तर उघडून फीत धडक्या खोक्यात घाला. मग पेन्सिलीने सावकाश गुंडाळत मऊ, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून काढा. तोंडाला मास्क हवाच. फितीमागच्या स्प्रिंगवरचा स्पंजाचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज बसका आणि खालीवर येतो, आणि दोष उगाच ध्वनिमुद्रणाला दिला जातो. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. 78 गतीच्या लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.

वेष्टनावरच्या मजकुरातून थोडंच हाती लागतं. ‘ओरिजिनल आर्टिस्ट’ असं छापलेलं असेल तर गायक मूळचा, एवढाच त्याचा अर्थ. ध्वनिमुद्रण मूळ आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. बारीक अक्षरांत ‘री-रेकॉर्डेड’ आहे का ते भिंगातून बघा. ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड स्टीरिओ’ म्हणजे जुनाच मोनो (एकाच वाहिनीचा) आवाज दोन बाजूंना फाकवलेला. तिथे वादक बदललेले नसतात.

खरी ओळख साथीत आहे. त्या काळी नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री गाण्यांच्या अमेरिकेतल्या मुख्य शहरात, मोजक्या वादकांचा एक ताफा दिवसभर स्टुडिओत असायचा. एक बैठक तीन तासांची, त्यात तीन-चार गाणी. गायक बदलायचे, हात तेच. रीव्हजचं ‘हील हॅव टू गो’ 15 ऑक्टोबर 1959 रोजी आरसीए या तबकडी कंपनीच्या तिथल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. पियानोवर फ्लॉइड क्रेमर, व्हायब्राफोनवर मार्व्हिन ह्यूज, बासवर बॉब मूर, ड्रमवर बडी हार्मन, गिटारवर हँक गारलँड आणि मागे अनिता केर यांचा गायकवृंद. हे गाणं कसोटीला घ्या, कारण साथ विरळ आहे आणि प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं.

ऐकताना खालून वर जा. पहिल्या फेरीत फक्त बास ऐका. मूरचा बास उभा, लाकडी आहे, त्याचा स्वर उठतो आणि लगेच विरतो. इलेक्ट्रिक बासचा स्वर लांबतो. दुसऱ्या फेरीत ड्रम. हार्मनचा हात इथे हलका आहे. स्नेअरचा, म्हणजे ड्रमसंचातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, दणका पुढे येत असेल तर साथ नंतरची समजा. या दोन फेऱ्यांना भजनी मंडळातला पखवाजवाला शेजारी बसवा, त्याचा कान इथे आपल्यापेक्षा तयार असतो. तिसरी फेरी पियानोची. क्रेमरची खूण म्हणजे आधी खालचा स्वर निसटता दाबून लगेच मुख्य स्वरावर येणं. पेटीवाल्याला हा कण चटकन कळेल. पण ही लकब इतकी लोकप्रिय झाली की पुढे सगळेच तसं वाजवू लागले, म्हणून नुसत्या कणावर निकाल देऊ नका. चौथ्या फेरीत काय नाही ते बघा. या गाण्यात फिडल (व्हायोलिन) नाही आणि तारांवर सळी घसरवून वाजवायची स्टील गिटारही नाही. रडवी स्टील ऐकू आली तर तुमच्या हातातली प्रत दुसरी.

कानाला खात्री वाटेना तर संगणकावर मोजा. दोन्ही प्रती ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घ्या. पहिल्या ओळीतल्या एका ठसठशीत व्यंजनापासून शेवटच्या ओळीतल्या तशाच व्यंजनापर्यंत किती सेकंद जातात ते दोन्हींत टिपा. एकात 150 आणि दुसऱ्यात 147 आले तर गतीत 2 टक्क्यांचा फरक आहे, आणि साध्या डेकवर तो सर्रास असतो. ‘चेंज स्पीड’ने तो काढा. ‘चेंज टेम्पो’ वापराल तर फसाल, कारण त्यात पट्टी तशीच राहते आणि फितीच्या चुकीत पट्टीही हललेली असते. पूर्ण अर्धा स्वर चढायला गती सुमारे 6 टक्के वाढावी लागते, म्हणजे 150 सेकंदांचं गाणं साधारण 142 सेकंदांत संपायला हवं. पट्टी अर्ध्या स्वराने वेगळी पण वेळ जवळपास तेवढाच, असं दिसलं तर दोष फितीचा नाही.

आता एक प्रत डाव्या कानात, दुसरी उजव्या कानात ठेवून हेडफोनने ऐका. सगळंच जुळून एकजीव झालं तर ध्वनिमुद्रण एकच. गळा जुळला, श्वाससुद्धा जुळले, पण वाद्यं पुढे-मागे पडली तर आवाज जुना आणि साथ चढवलेली. गळाही सुटला तर ते वेगळं गायन. रीव्हज चाळिशीतच गेला, त्यामुळे म्हातारपणी पुन्हा गायलेली त्याची प्रत असूच शकत नाही. ती त्याच्याच हयातीतली दुसरी खेप असेल किंवा नकली गायक. फीत ताणलेली असेल तर गाणं मध्येच सुटतं, म्हणून प्रत्येक कडवं वेगळं जुळवून बघा.

काही गाण्यांत ‘मूळ साथ’ शोधण्यात अर्थ नाही. 1966 मध्ये गाजलेलं ‘डिस्टंट ड्रम्स’ नमुन्यादाखल गाऊन ठेवलेल्या फितीवर वाद्यवृंद चढवूनच बाहेर आलं. गायिका पॅट्सी क्लाइनबरोबरचं 1981चं द्वंद्वगीतही तसंच. ती 1963 मध्येच गेली होती. दोघांनी वेगवेगळं गायलेलं निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी सोडवून घेतलं आणि नवी साथ देऊन जोडलं.

बाकीच्या गायकांचा मामला वेगळा. जुन्या फिती जुन्या कंपनीच्या मालकीच्या असल्याने गायक नव्या कंपनीत गेला की स्वतःचीच गाणी पुन्हा गायचा. एव्हर्ली बंधूंनी 1964 मध्ये, रॉय ऑर्बिसनने 1987 मध्ये आणि जॉनी कॅशने 1988 मध्ये असे अख्खे संच काढले. कॅशचं ‘आय वॉक द लाइन’ तपासायला सोपं. 1956च्या मुद्रणात ड्रम नाहीत, गिटारच्या तारांत कागद अडकवून काढलेला खरखरीत ठेका आहे. ड्रम ऐकू आले की ती नंतरची प्रत. गिटारवाला ल्यूथर पर्किन्स 1968 मध्ये गेला, म्हणजे 1988च्या संचात तो नाही. हँक गारलँडची स्टुडिओतली कारकीर्दही 1961च्या मोटार अपघाताने संपली. त्यानंतरच्या मुद्रणावर त्याचं नाव छापलेलं दिसलं तर वेष्टनावरच्या बाकीच्या नावांवरही विसंबू नका.

निकाल लागला की कॅसेटच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा: गाणं, सेकंद, पेटीवरची पट्टी, ‘मूळ’, ‘साथ नवी’ किंवा ‘पुन्हा गायलेलं’. शाईचं पेन नको, पावसाळ्यात चिठ्ठीला ओल येते आणि शाई पसरते.