तोस्कानिनी ऐकायला बसण्याआधीची तयारी

रविवारी तोस्कानिनी, म्हणजे ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेणारा जुना इटालियन कंडक्टर, रेकॉर्डिंगवर ऐकायचं ठरलंय आणि ग्रुपवर निम्मे लोक विचारतायत की काय बघून यायचं, तर एकदाच लिहून टाकतो, यादी म्हणा नाहीतर गप्पा म्हणा.

सगळ्यात आधी त्याच्या रागाचे किस्से बाजूला ठेवा. बॅटन (कंडक्टरच्या हातातली छडी) मोडली, वादकांना शिव्या घातल्या, हे सगळं खरंय, रिहर्सलच्या टेप्स पण नेटवर आहेत आरडाओरड्यासकट, पण त्या आधी ऐकल्या की मग संगीतात पण नुसता तापट म्हाताराच ऐकू यायला लागतो. त्या टेप्स नंतर ऐका, मजा येईल. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या माणसाला साक्षीदार म्हणून ऐका. ऑपेरावाला संगीतकार वेर्दी स्वतः हॉलमध्ये असताना जो ऑर्केस्ट्रात बसून वाजवत होता तोच पुढं मायक्रोफोनसमोर उभा राहिलाय, असं दुसरं नाव मला तरी पटकन सुचत नाही.

चरित्र वाचायचं तर विकीपीडियावर अर्धा तास पुष्कळ झाला, सगळ्या तारखा पाठ करू नका. 1867 ला पार्मात जन्म, बाप शिंपी आणि गॅरिबाल्डीच्या फौजेत लढलेला, मुलगा चेलो शिकला. मग 1886 चं रिओ दी जानेरो नीट वाचा. टूरवरच्या इटालियन कंपनीत हा चेलो वाजवतोय, कंडक्टर भांडून निघून गेलेला, त्याच्या जागी जो आला त्याला पब्लिकने हुर्यो करून हाकललं, शेवटी ह्या एकोणीस वर्षांच्या पोराला पुढं ढकललं आणि ह्याने वेर्दीचा आख्खा आयडा ऑपेरा स्कोअर (लिहिलेलं संगीत) न बघता वाजवून घेतला. नजर अधू होती, त्यामुळे पाठांतर ही त्याची शोबाजी नव्हती, गरज होती, आणि ती पुढं जन्मभर राहिली.

आता रविवारचा मुख्य आयटम, वेर्दीचा ऑपेरा ओतेल्लो, म्हणजे शेक्सपिअरचाच ऑथेल्लो. रिओनंतर कंडक्टर म्हणून नाव व्हायला लागलेलं असताना सुद्धा हा पठ्ठ्या 1887 ला मिलानच्या ला स्काला ऑपेरा हाउसात परत चेलो घेऊन बसला, कारण काय तर ह्याच ऑपेराचा पहिला प्रयोग होता आणि म्हातारा स्वतः तालमींना येणार होता. तालमीत वेर्दीने आपल्याला फार हळू आवाजात वाजवतोस म्हणून टोकलं, असं तो नंतर सांगायचा. म्हणून येण्याआधी लिब्रेटोची (ऑपेराच्या शब्दांची) पीडीएफ डाउनलोड करा, इटालियन आणि इंग्लिश शेजारी शेजारी असलेली, आणि निदान पहिला अंक वाचून या. अंकाच्या शेवटाला वादळ, दारू, मारामारी सगळं ओसरतं, एक चेलो एकटा सुरू होतो, मग आणखी तीन त्याला मिळतात आणि त्यातून ओतेल्लो आणि डेस्डेमोनाचं गाणं उगवतं. आपण ऐकणार ते डिसेंबर 1947 चं न्यूयॉर्कचं रेडिओ रेकॉर्डिंग आहे, रामोन विनाय आणि हेर्वा नेल्ली गातायत. 1887 ते 1947, साठ वर्षं, आणि चेलोवाल्याच्या जागेवरून हाच सीन ज्याने पाहिला तोच आता समोर उभा आहे. त्या चार चेलोंच्या वेळेला प्लीज कुणी वेफर्सचं पाकीट फोडू नका.

साउंडबद्दल आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर कुरकुर नको. मोनो आहे, कोरडं आहे. एनबीसी ह्या अमेरिकन रेडिओ कंपनीने त्याच्यासाठी खास ऑर्केस्ट्रा उभा केला, 1937 च्या ख्रिसमसला तोस्कानिनीचा त्यांच्याबरोबरचा पहिला कार्यक्रम, पण जागा मिळाली स्टुडिओ आठ-एच (हो, आज जिथून सॅटरडे नाइट लाइव्ह हा टीव्ही शो होतो तोच), आणि तिथे आवाजाला घुमायला जागाच नाही. बास बूस्ट, सराउंड असलं सगळं बंद ठेवा, नुसता चिखल होतो. दहा मिनिटांत कान सरावतात आणि मग प्रत्येक वाद्य सुटं ऐकू यायला लागतं, मला तर तेच आवडतं.

घरी वेळ असेल तर पुच्चिनीचा ऑपेरा ला बोहेम ऐकून या. 1 फेब्रुवारी 1896 ला तुरीनमध्ये त्याचा पहिला प्रयोग ह्यानेच केला, आणि पन्नास वर्षांनी, फेब्रुवारी 1946 ला, रेडिओवर परत ह्यानेच, दोन रविवारी अर्धा अर्धा. तुम्ही पण दोन बैठकीत ऐका. रेकॉर्डिंगमध्ये मधूनच एक घोगरा, बेसूर आवाज गाताना येतो तो टेपचा दोष समजू नका, तो तोस्कानिनीच आहे, राहवत नाही त्याला.

आपल्याकडे बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडायचे आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं, तसाच इटलीतल्या ऑपेराचा मामला होता, आणि हा त्याच्या मुळावर उठला. वन्समोअर बंद, प्रयोग चालू असताना हॉलमध्ये अंधार, बायकांच्या मोठाल्या हॅट्स काढा. 1903 ला वन्समोअरवरूनच पब्लिकशी वाजलं आणि ला स्काला सोडून गेला, तीन वर्षांनी परत आला. (मला स्वतःला पब्लिकची बाजू पण थोडी पटते, पण असो.)

राजकारण थोडं तरी माहीत हवं. 1919 ला हा स्वतः मुसोलिनीच्या यादीतून निवडणुकीला उभा होता आणि पडला, हे भक्त लोक सांगत नाहीत. पण नंतर असा फिरला की 1931 ला बोलोन्यात फॅसिस्टांचं गाणं वाजवायला नकार दिला म्हणून त्याला थिएटरबाहेर मारहाण झाली. 1933 ला हिटलरमुळे जर्मनीतला बायरॉइटचा वाग्नर महोत्सव सोडला, आणि 1936 च्या डिसेंबरात जर्मनी वगैरेतून बाहेर पडलेल्या ज्यू वादकांच्या ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम तेल अवीवला एक पैसा न घेता केला. पुढं इस्रायल फिलहार्मोनिक झाला तो हाच, म्हणजे आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी कित्येक वर्षं सांभाळला तो.

'जसं लिहिलंय तस्सं वाजवणारा' हे लेबल मात्र डोक्यात घेऊन येऊ नका. 1898 ला वेर्दीच्या नव्या रचना बसवताना एके ठिकाणी ह्याला वाटलं की लय जरा सैल हवी, पण कागदावर तसं काहीच नाही, म्हणून पियानोवर तशी वाजवून दाखवली. वेर्दी खूश झाला, म्हणाला लिहिलं असतं तर लोकांनी फारच ओढलं असतं. तेव्हा रविवारी कुठे लय किंचित हलते ते कान देऊन ऐका, हलते ती.

वेळ उरला तर 1949 च्या आयडाचा टीव्हीवरचा व्हिडिओ लावू, सेट नाही, कॉस्च्युम नाही, गाणारे नुसते उभे, आणि बराच वेळ कॅमेरा ह्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसावर. वेर्दीचा फॉल्स्टाफ ह्या वेळी बसणार नाही, त्याला लिब्रेटो ओळ न ओळ वाचून यावं लागतं, तो पुढच्या खेपेला. पेन ड्राइव्ह मी आणतो, स्पीकरचं कुणीतरी बघा.