पात्रं भांडतायत, पण कथा हलत नाही? या चुका टाळा

नव्या लेखकांच्या कथांमध्ये मला सगळ्यात जास्त खटकते ती चूक म्हणजे भांडणालाच संघर्ष समजणं. दोन बहिणी पानभर एकमेकींवर ओरडतात, दार आपटलं जातं, आणि वाचकाला काहीच वाटत नाही, कारण ओरडून झाल्यावर दोघी होत्या तिथेच असतात. संघर्षाला दोन इच्छा लागतात, आणि त्या दोन्ही एकाच वेळी पुऱ्या होणं अशक्य असावं लागतं. थोरलीने दहा वर्षं आजारी वडिलांचं सगळं केलं. ते गेल्यावर तिला घर विकून स्वतःचं आयुष्य सुरू करायचंय. धाकटीचा वडिलांशी अबोला होता. तो आता कधीच मिटणार नाही, म्हणून निदान घर तरी राहावं असं तिला वाटतं. घर एकच आहे. आता दोघी हलक्या आवाजात बोलल्या तरी वाचक कान देऊन ऐकेल.

तपासायची सोपी खूण सांगतो. पात्रं समोरासमोर बसून पाच मिनिटं मोकळेपणाने बोलली, तर प्रश्न सुटतो का? सुटत असेल तर तो नुसता गैरसमज आहे. विनोदी कथा गैरसमजावर चालते. गंभीर कथा त्यावर फार लांब जात नाही.

दुसरी गल्लत प्रतिनायक आणि खलनायक यांची. नायकाच्या इच्छेच्या आड येतो तो प्रतिनायक, मग तो दुष्ट असो वा नसो. आईची मायासुद्धा आड येऊ शकते. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने शोकांतिकेचं मूळ दोन न्याय्य पण एकांगी दाव्यांच्या टकरीत पाहिलं, आणि मला ते अजूनही पटतं. तुमचा विरोधक पोकळ वाटत असेल, तर तोच प्रसंग त्याच्या तोंडून, 'मी' वापरून लिहून काढा. तीन ओळींत त्याची कारणं संपली, तर त्याच्यावर काम बाकी आहे. हे पान कथेत घालायचं नाही, पण त्यानंतर त्याचे संवाद बदलतातच.

सपाट, म्हणजे एकाच गुणावर उभं असलेलं पात्र हा दोषच, हाही समज सोडा. सपाट आणि गोल (म्हणजे अनेक पैलू असलेलं) हा भेद इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत मांडला, आणि कादंबरीला दोन्ही लागतात असंच त्यांचं म्हणणं होतं. गोल पात्राची त्यांची कसोटी आजही उपयोगी आहे: ते आपल्याला चकित करतं का, आणि ते पटतं का? पत्र देऊन निघून जाणाऱ्या पोस्टमनला दुःखी बालपण चिकटवू नका. आणि स्थिर पात्र सपाटच असतं असंही नाही. सगळं जग बदलत असताना आपल्या जागी ठाम राहणारा माणूस आतून फार गुंतागुंतीचा असू शकतो.

पात्राचा प्रकार ठरला की काम झालं असं मानणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. नाट्यशास्त्राच्या परंपरेत नायकाचे चार प्रकार आहेत: धीरोदात्त (उदात्त, गंभीर), धीरललित (निश्चिंत, कलासक्त), धीरप्रशांत (शांत), धीरोद्धत (गर्विष्ठ, तापट). यांतून स्वभाव कळतो, कथा कळत नाही. ती हवी असेल तर शांत माणसाला अशा जागी न्या, जिथे शांत राहण्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागेल. लढवय्याला तिथे न्या, जिथे लढण्याजोगं काहीच नाही. प्रकार बघून संघर्ष निवडायचा तो असा.

आतला संघर्ष लिहिताना 'तिच्या मनात वादळ उठलं' यासारखी वाक्यं सरळ खोडा. मनातलं द्वंद्व हातून घडणाऱ्या कृतीत दिसू द्या. थोरली खरेदीदाराला फोन लावते आणि पलीकडून आवाज आला की ठेवून देते. संध्याकाळी भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरवते, पण खिळा तसाच राहू देते.

शेवटी पात्र अचानक बदलत असेल, तर दुरुस्ती शेवटच्या पानावर करू नका. मागे जा आणि त्याने पहिल्यांदा माघार घेतली तो प्रसंग शोधा. बहुतेक वेळा तो लिहायचाच राहिलेला असतो.