मुलाचा गहू बंद करताना: खान्देशी घरासाठी मार्गदर्शक

मुलाला सीलिॲक आजार आहे असं निदान झालं की डॉक्टर एका ओळीत सांगून मोकळे होतात: गहू, जव आणि राय बंद, तेही कायमचं. जिथे तिन्ही वेळा पोळीच लागते अशा घराला हे ऐकून घाम फुटतो. खान्देशात मात्र दादर (रब्बीची ज्वारी), कळणा (ज्वारी-उडदाचं पीठ), बाजरी, मका, नागली, भगर हे सगळं घरात आधीपासून आहे आणि यातल्या कशातच ग्लूटेन, म्हणजे गहू-जव-रायमधलं या आजारात आतड्याला इजा करणारं प्रथिन, नाही. ताटात काय वाढायचं हे इथे आठवड्याभरात जमतं. घात होतो तो दळणात.

आधी रक्त तपासा, मग गहू बंद करा

सतत बिघडणारं पोट, फुगलेलं पोट आणि काटकुळे हातपाय, लोहाची औषधं देऊनही न चढणारं हिमोग्लोबिन, खुंटलेली उंची यातलं काही दिसलं की शेजारपाजारचे म्हणतात, "गहू बंद करून बघा." हे करू नका. टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीत ग्लूटेनमुळे शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्यं मोजतात. गहू सुटला की ती हळूहळू उतरतात आणि आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. सोबत एकूण आयजीए (या प्रकारची सगळी प्रतिद्रव्यं मिळून) हेही तपासावं लागतं, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवते. पुढे दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा घेऊन तपासायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतात. टीटीजी मर्यादेच्या 10 पट किंवा जास्त असेल, तर रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यावर खात्री करून काही मुलांत तो टाळता येतो.

बहुतेक घरांत एक गोष्ट राहून जाते. सख्ख्या भावंडांना आणि आईवडिलांनाही हा आजार असण्याची शक्यता असते, साधारण दहातल्या एकाला. सगळं घरच गहू सोडणार असेल तर त्यांचं रक्त त्याआधी तपासून घ्या.

थोडा म्हणजे किती?

दिवसाला 10 मिलीग्रॅमपर्यंत ग्लूटेन बहुतेक रुग्णांना सोसतं, असं अभ्यासांतून दिसतं. गव्हाच्या पिठात साधारण दहावा भाग ग्लूटेन असतो. म्हणजे 100 मिलीग्रॅम पिठात, चिमटीतल्या चिमटीत, दिवसभराची मर्यादा संपली. "एक घास खाल्ला तर काय होतंय" याला हेच उत्तर. पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे 20 मिलीग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं.

दळण

गावच्या गिरणीत गव्हामागून ज्वारी पडते. जात्याच्या पाळीत, पट्ट्याखाली, कापडी पिशवीत आधीच्या गव्हाचं पीठ राहतं आणि तुमच्या पहिल्या दोन किलोंत उतरतं. सकाळी पहिलं दळण लावलं, आधी किलोभर तांदूळ फिरवले, तरी गिरणीच्या हवेत गव्हाची पिठी तरंगत असतेच. गिरणीवाला कितीही भला असला तरी या मुलाचं पीठ तिथे दळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरघंटी घ्या, आणि तिच्यात गहू एकदाही घालू नका. आधीपासून घरघंटी असेल आणि तिच्यात गहू दळला असेल तर ती आतून पूर्ण साफ होत नाही. ती विकून दुसरी घेतलेली बरी. पैसे जमेपर्यंत मिक्सरवर भागवा. तांदूळ आणि नागली बरी दळली जाते, ज्वारी जाडसर राहते. ती नव्या चाळणीने दोनदा चाळून, वरचा जाड भाग पुन्हा फिरवायचा.

दळायच्या आधी धान्य निवडणं आलंच. दादर रब्बीची, गहूही रब्बीचा. दोन्ही साधारण एकाच सुमाराला निघतात, एकाच मळणी यंत्रातून जातात, त्याच ताडपत्रीवर वाळतात, त्याच गोण्यांत भरले जातात. त्यामुळे दादरमध्ये गव्हाचे दाणे हमखास सापडतात. ताटलीत दोन-दोन वाट्या पसरून निवडा. गोल पांढऱ्या दाण्यांत गव्हाचा लांबट, मधे चीर असलेला दाणा लगेच दिसतो. मग एकदा धुऊन वाळवा, म्हणजे चिकटलेली पिठीही जाते. बाजरी खरिपाची आणि दाणा बारीक, त्यामुळे ती चाळणीनेच साफ होते. बाजरीचं पीठ मात्र आठ-दहा दिवसांत कडवट होतं. दर वेळी किलोभरच दळा.

चूल एक, भांडी वेगळी

काठवट, लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी आणि मातीचं खापर कितीही घासलं तरी त्यांच्या छिद्रांतलं पीठ निघत नाही. मुलासाठी हे नवं घ्या. स्टीलची परात, कुकर, डबे गरम पाणी आणि साबणाने धुतले की चालतात. लोखंडी तवा वेगळाच ठेवा आणि त्याच्या कडीला रंगीत दोरा बांधा, म्हणजे पाहुण्या आलेल्या मावशीलाही कळेल. पुऱ्या तळलेलं तेल मुलाच्या वड्यासाठी पुन्हा वापरायचं नाही.

पोळ्या लाटताना उडालेली पिठी बराच वेळ हवेत राहते आणि उघड्या भाजीवर बसते. घरात पोळ्या होणारच असतील तर मुलाचं जेवण आधी करून झाकून ठेवा. पण खरं सांगायचं तर दोन स्वयंपाक सांभाळण्यापेक्षा गहूच घराबाहेर काढणं स्वस्त आणि सोपं पडतं. रात्री भाकरी इथे अनेक घरांत असतेच. सकाळचीच काय ती सवय बदलायची.

लपलेला गहू

सगळ्यात फसवा पदार्थ म्हणजे हिंग. बाजारातला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक घालून केलेला असतो आणि तो रोज प्रत्येक फोडणीत पडतो. घटक वाचून तांदळाच्या पिठातला हिंग घ्या, नाहीतर फोडणी लसणाची करा. खान्देशात लसूण कमी पडायचा नाही. मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत बहुधा असतो. सातूच्या पिठात तर असतोच. मुलांच्या दुधात घालायच्या माल्ट पावडरी जवापासून होतात. उडदाचे पापड लाटताना काही जणी मैद्याची पिठी लावतात. शेव बेसनाची, पण दुकानातल्या कढईत आधी कचोरी तळलेली असते. शेवभाजीसाठी शेव घरी पाडा, तीही डाळ घरी दळून.

कुरडईबद्दल एक गैरसमज आहे: चीक काढला की गव्हाचा चोथा गेला, म्हणजे ती चालेल. चिकात मुख्यतः स्टार्च असतो हे खरं, पण ग्लूटेन पूर्ण निघत नाही. या मुलासाठी कुरडया तांदळाच्या करा. बिबडे चालतात, फक्त कुरडया घातलेल्या कापडावर ते घालू नका.

भाकरी डब्यात टिकवायची कशी

ग्लूटेन कणकेला धरून ठेवतं. ज्वारीत ते नसल्याने भाकरी थापताना तडकते आणि दुपारपर्यंत कडक होते. उपाय म्हणजे उकड. एक वाटी पाण्याला चिमूटभर मीठ घालून उकळी आणा, एक वाटी पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून पाच मिनिटं झाका आणि सोसवेल इतपत गरम असतानाच तीन-चार मिनिटं मळा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो आणि ग्लूटेनचं काम भागवतो. तरीही तडकत असेल तर पिठाची विरी (चिकटपणा) गेली आहे, ताजं दळा.

कळण्यासाठी एक किलो ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद आणि दोन चमचे खडे मीठ एकत्र दळायचं. उडदाने भाकरीला चिकटपणा येतो आणि प्रथिनंही वाढतात, म्हणून वाढत्या मुलाला आठवड्यातून तीन-चारदा हीच द्या.

वरण-बट्टी सुटली म्हणून मूल रुसतं. दोन वाट्या मक्याचं जाडसर पीठ, एक वाटी दादरचं पीठ, पाव वाटी बेसन, दोन चमचे इसबगोल, दोन चमचे तूप, ओवा, हळद, मीठ घ्या. लागेल तसं उकळतं पाणी घालत घट्ट मळून पंधरा मिनिटं ठेवा. जाड वळकट्या करून वीस-पंचवीस मिनिटं वाफवा, पूर्ण गार होऊ द्या, मग कापून तुपात तळा. गरम असताना कापली की भुगा होतो, आणि दोष पिठाला दिला जातो.

डब्यात आलटून पालटून पातोड्या, फुनके, ज्वारी-बेसनाचं धिरडं, पोहे, भाकरीचा गूळ-तुपातला चुरमा द्या. मधल्या सुट्टीत केळं, राजगिऱ्याची चिक्की, ज्वारीच्या लाह्या. नागली आठवड्यातून दोनदा तरी पोटात जावी. 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. ग्लूटेनमुक्त पाकीटबंद बिस्किटं प्रवासापुरती ठीक. त्यांत बहुतेक स्टार्च आणि साखरच असते.

सण आणि शाळा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरण चालतं, पोळी नाही. पुरण वाटीत तूप घालून द्या, किंवा दिंडं तांदळाच्या उकडीत करा. कानबाईच्या रोटांचे गहू मुलाच्या घरघंटीत दळायचे नाहीत, हे भाऊबंदांना आठवडाभर आधी सांगा. प्रसादाला "नको" म्हणवत नसेल तर मुलाच्या खिशात खडीसाखर द्या. देवापुढे तीच ठेवून तिथेच खाता येते. शिक्षकांना चिठ्ठी लिहून द्या, त्यात बिस्किट आणि वाढदिवसाचा केक स्पष्ट लिहा. खेळायचा रंगीत चिकट गोळा कणकेचा असू शकतो. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

पुढची तपासणी

पोट साधारण दोन ते चार आठवड्यांत सुधारतं. सुरुवातीला दुधाने पोट फुगत असेल तर डॉक्टरांना विचारून काही आठवडे दूध कमी करा; आतडं बरं झालं की ते पुन्हा पचू लागतं. वजन-उंची दर तीन महिन्यांनी एकाच काट्यावर मोजून वहीत लिहा. सहा महिन्यांनी टीटीजी, पुढे वर्षातून एकदा. सोबत हिमोग्लोबिन, ड आणि ब12 जीवनसत्त्व.

टीटीजी उतरत नसेल तर मुलाला रागावण्याआधी या क्रमाने शोधा: हिंगाची डबी, दळण कुठे झालं, चाळणी, बाहेरची शेव, आणि शेवटी आजोबांच्या चहातलं बिस्किट.