ऑनलाइन ब्रिज स्पर्धेत आपली कन्व्हेन्शन चालेल का, हे कसे तपासावे

काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन स्पर्धेत मी दोन चौकटची ओपनिंग (पास सोडून डावातली पहिली बोली) केली. आमच्या जोडीत तिचा आपसात ठरवलेला विशेष अर्थ, म्हणजेच कन्व्हेन्शन, ‘मल्टी’ असा होता, म्हणजे हातात सहा बदाम किंवा सहा इस्पिक असतात, पण दोहोंपैकी काय ते पहिल्या बोलीवरून कळत नाही. बोलीला अलर्ट (तिचा अर्थ विशेष आहे अशी प्रतिस्पर्ध्यांना सूचना) लावला होता आणि अर्थही नीट लिहिला होता. तरीही प्रतिस्पर्ध्यांनी डिरेक्टरांना (स्पर्धेच्या पंचांना) बोलावल्यावर त्या डावाचा निकाल बदलला गेला, कारण त्या स्पर्धेत ही बोली मुळातच मान्य नव्हती, आणि तो निर्णय बरोबर होता. मी नौपाड्याला राहतो, माझे जोडीदार नेरुळला, आणि दोन्हीकडच्या खेळाडूंमध्ये हीच गल्लत मला वारंवार दिसते: बोलीचा अर्थ सांगितला की ती चालतेच, असे धरून चालले जाते. परवानगी आणि खुलासा या वेगळ्या गोष्टी आहेत आणि परवानगी आधी पाहावी लागते.

म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी स्पर्धा कोणाच्या नियमांखाली होत आहे हे शोधावे. ब्रिजबेस ऑनलाइन किंवा रिअलब्रिज ही संकेतस्थळे म्हणजे केवळ खेळण्याची जागा. तिथे कोणती कन्व्हेन्शन चालेल हे स्पर्धा भरवणारे ठरवतात. डुप्लिकेट ब्रिजच्या २०१७ च्या नियमावलीतील ४० व्या नियमाने नियामक संस्थेला विशेष संकेत (कन्व्हेन्शन त्यांतच येतात) मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा अटींसह मान्य करण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्यामुळेच एकाच संकेतस्थळावर, एकाच संध्याकाळी चाललेल्या दोन स्पर्धांत तीच बोली एकीकडे वैध आणि दुसरीकडे अवैध असू शकते. मल्टीचेच पाहा: इंग्लंडच्या संघटनेच्या ‘लेव्हल ४’ स्पर्धांत ती चालते, तर अमेरिकी संघटनेने नोव्हेंबर २०१८ पासून लागू केलेल्या बेसिक, बेसिक प्लस, ओपन आणि ओपन प्लस या, मान्य बोली सांगणाऱ्या चार तक्त्यांपैकी ‘ओपन’मध्ये ती बसत नाही. स्पर्धेच्या माहितीत तक्त्याचे किंवा लेव्हलचे नाव असेल तर तो तक्ता उघडून वाचावा. नाव नसेल तर डिरेक्टरांना खेळ सुरू होण्याआधी लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. रोबोसोबतच्या स्पर्धांत हा प्रश्नच उरत नाही, कारण तिथे रोबोचीच पद्धत खेळावी लागते आणि प्रत्येक बोलीचा अर्थ ती लावण्याआधी पडद्यावर वाचता येतो.

तक्ता वाचताना बहुतेक जण आपल्या कन्व्हेन्शनचे नाव शोधतात आणि तिथेच अडकतात. नावे देशागणिक बदलतात, एकाच नावाखाली दोन जोड्या दोन वेगळे अर्थ खेळतात, आणि नियम लिहिणारे बोलीकडे तिच्या गुणधर्मांवरून पाहतात. तेव्हा आपली बोली नाव न घेता दोन प्रश्नांच्या उत्तरांत मांडावी: ठरल्याप्रमाणे ती कमीत कमी किती पॉइंटांवर (हातातल्या मोठ्या पानांच्या गुणांवर) लावता येते, आणि ती लावल्यावर एखाद्या निश्चित रंगाची (बदाम, इस्पिक वगैरे) किमान चार पाने नक्की कळतात का?

जागतिक ब्रिज महासंघाच्या धोरणात हे दोन प्रश्न स्पष्ट दिसतात. तिथे १० पॉइंटांचा हात सरासरी मानला जातो. दोन किलवर ते तीन इस्पिक यांपैकी एखादी ओपनिंग सरासरीपेक्षा कमी ताकदीवर होत असेल आणि तिच्यातून कोणत्याही निश्चित रंगाची चार पाने कळत नसतील, तर ती ‘ब्राउन स्टिकर’ ठरते आणि अनेक स्पर्धांत तिला बंदी असते. साधी कमजोर दोन इस्पिक यात अडकत नाही, कारण रंग उघड आहे. दोन चौकट लावून बदाम आणि इस्पिक दोन्ही चार-चार दाखवणारी कमजोर बोलीही अडकत नाही, कारण दोन्ही रंग माहीत आहेत. मात्र ‘कुठले तरी दोन रंग पाच-पाच, त्यांतला एक बदाम किंवा इस्पिक’ असा अर्थ असलेली कमजोर दोन चौकट ब्राउन स्टिकरच आहे. मल्टीतही रंग निश्चित नसतो, पण महासंघाने तिला या व्याख्येतून मुद्दाम वगळले आहे. अशी सूट एका संस्थेने दिली म्हणून दुसरीने दिली असेल असे समजू नये. आमची चूक नेमकी हीच होती.

एकच्या पातळीवर महासंघ पूर्ण पद्धतींना रंग देतो: नैसर्गिक पद्धतींना (ज्यांत बोली साधारण त्याच रंगाची पाने दाखवते) हिरवा, एक किलवर किंवा एक चौकट नेहमी ताकदीचीच असलेल्या पद्धतींना निळा, इतर कृत्रिम पद्धतींना लाल, आणि अतिशय असामान्य पद्धतींना पिवळा. आपल्याकडे खेळली जाणारी प्रिसिजन ही पद्धत, जिच्यात एक किलवर ताकदीची असते, निळ्यात येते. पास म्हणजेच ओपनिंगची ताकद, अशी पद्धत पिवळ्यात जाते.

यानंतरचे काम जोडीदारासोबत बसून करायचे आहे, आणि ते निवांतपणे करावे. आम्ही दोघे ठाणे-नेरुळ लोकलच्या प्रवासात कन्व्हेन्शन कार्डाच्या (आपल्या बोलींचे अर्थ लिहिलेल्या कार्डाच्या) दोन प्रती भरतो, एक मोकळ्या नियमांच्या स्पर्धेसाठी आणि एक कडक नियमांसाठी. दुसऱ्या प्रतीत दोन चौकट ही साधी कमजोर बोली आहे. कोणती प्रत लागू, हे पहिला डाव वाटण्याआधी एकमेकांना कळवावे. खेळताना स्वतःचे कार्ड पाहण्याची मुभा नियमावली एरवी देत नाही. स्पर्धेने ती दिली आहे का, हेही विचारून घ्यावे.

आता खुलाशाकडे वळू. प्रत्यक्ष टेबलावर जोडीदाराची बोली आपण अलर्ट करतो, तर ऑनलाइन बहुधा आपली बोली आपणच अलर्ट करतो आणि तो खुलासा जोडीदाराला दिसत नाही. शंका असली तर अलर्ट करावाच. नुसते ‘मल्टी’ लिहून भागत नाही. ‘कमजोर, सहा बदाम किंवा सहा इस्पिक, ६ ते १० पॉइंट’ असे लिहावे. लिहायचे ते आपसात ठरलेले, हातात असलेले नव्हे. आपण ठरलेले विसरून चुकीची बोली लावली असेल तरी प्रतिस्पर्ध्यांचा हक्क आपल्या ठरावावर आहे, आपल्या पानांवर नाही. काहीच ठरलेले नसेल तर ‘आमचे ठरलेले नाही’ असेच कळवावे. ठरावाबाहेरची फसवी बोली कधीतरी लावणे नियमात बसते, परंतु जोडीदाराला तिची सवय झाली की तोही न सांगितलेला ठराव बनतो, आणि कृत्रिम बोलींच्या बाबतीत संस्था अशा फसवणुकीवर बंधन घालू शकते.

प्रतिस्पर्ध्यांच्या बोलीबद्दल संशय आला तर आधी त्या बोलीवर क्लिक करून अर्थ विचारावा, वाद घालू नये, आणि डिरेक्टरांना बोलावून डाव पुढे चालू ठेवावा. त्यांना डावाचा क्रमांक, बोलींचा क्रम आणि मिळालेला खुलासा शब्दशः द्यावा. पूर्ण डावाची नोंद संकेतस्थळावर राहत असल्याने बाकीचे त्यांना स्वतः पाहता येते.